शेवटच्या रांगेतले मोकळे खुंटे

सर, तुम्ही गेल्याचं मला भर गाडीत कळलं. शिरूर कासारहून बीडला जाणारी सकाळची फेरी होती, गाडी खच्चून भरलेली, आणि मी मधल्या वाटेत कशीबशी उभी राहून तिकिटं काढत होते. आपल्या गावचे आण्णा खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "सुजाता, तुझे चित्राचे मास्तर गेले की गं. पहाटंच गेले म्हनं." मी त्यांना विचारलं, "कुठं उतरायचंय?" ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "बीड." मी तिकीट हातात दिलं आणि पुढच्या माणसाकडं वळले.

बीड येईपर्यंत मी "मागं सरका, दारातून आत या" असं नेहमीसारखं ओरडत होते. स्टँडवर उतरल्यावर नळावर जाऊन तोंड धुतलं. आधी राग आला, मग रडू आलं, आणि रडू आलं म्हणून परत राग आला. ड्रायव्हर चहाला बोलवत होता, त्याला म्हटलं तू घे. तुमच्यासाठी मी रडतेय हे मला त्याच्यासमोर मान्य करायचं नव्हतं.

दोन दिवसांनी हेडमास्तरांचा फोन. शाळा तुमच्यावर स्मरणिका काढतेय. "सुजाता, तू लिहिलंच पाहिजेस. मुकी पोरगी एसटीत कंडक्टर झाली, याच्यापेक्षा मोठं उदाहरण सरांच्या कामाचं कुठलं? जरा चांगलं चांगलं लिही." मी हो म्हणाले. इतर लोक काय लिहितायत तेही त्यांनी वाचून दाखवलं. ऋषितुल्य, निःस्वार्थी, अबोल मुलांचा आवाज. ऋषितुल्य ऐकून मला हसू आलं. तुमच्या शर्टाच्या खिशावर कायम गेरूचा डाग, दाढेत तंबाखू, आणि गावच्या सोसायटीच्या चेअरमनची गाडी दिसली की तुम्ही तंबाखू थुंकून तोंड पुसत उभे राहायचा. असा ऋषी मी तरी कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेला नाही.

चांगलं चांगलं आधी लिहिते. ते खोटं नाही.

मी सातवीत होते. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायचं, तेवढंसुद्धा माझ्या तोंडून निघत नव्हतं. बोट वर करायचे. बाई आधी रागावायच्या, मग त्यांनी नाद सोडला. मला बोलता येत नव्हतं असं नाही. घरी मायशी बोलायचे, गाईशी तर फारच. पण चार माणसांत शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. पोरं मला मुकी म्हणायची. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागं एकटी बसायचे, आणि टाकीत पाणी नसल्यामुळं तिकडं कुणी फिरकत नव्हतं. ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं.

तुम्ही गप्प पोरं हेरून काढलीत. शाळा सुटल्यावर आम्हा पाच-सात जणांना मागच्या खोलीत बसवायचा. रंग विकतचे नव्हते. गेरू, चुना, हळद, चुलीची काजळी, आणि तुमचे मेहुणे परळीच्या वीज केंद्रातून येताना पिशवीभर राख आणायचे, तिचा करडा रंग. ब्रश म्हणजे चावून मऊ केलेली बाभळीची काडी. कागद म्हणजे सोसायटीच्या जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ. आणि नियम एकच, चित्र कशाचं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा विचारणार नाही. तुम्ही आमच्याकडं पाठ करून बसायचा आणि तुमचं चित्र काढायचा, तेही बेसूर गुणगुणत.

पहिल्या दिवशी मी अख्खा कागद काळा केला. काजळीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं आता बोलणी बसणार, कागद वाया घालवला म्हणून. तुम्ही उठून आलात, बघितलंत, आणि म्हणालात, "अजून काळं पाहिजे का? काजळी हाय भरपूर." मी मान हलवली. तुम्ही डबा पुढं सरकवलात आणि जाऊन बसलात. आमच्या घरात आणि आमच्या वस्तीत "अजून पाहिजे का" असं मला कुणी कधी विचारलेलं नव्हतं, कारण अजून असायचंच नाही. त्या एका प्रश्नासाठी मी तुमच्यावर जीव टाकला, सर. लहान पोर जसं टाकतं तसा, आगापिछा न बघता.

पुढं कितीतरी वर्षांनी पुण्याकडून कुणी बाई आल्या आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं की याला कलोपचार म्हणतात. तो शब्द तुम्हाला इतका आवडला की तुम्ही तो जिथं तिथं वापरायला लागलात. लग्नात, दहाव्याला, पारावर. आम्हाला मात्र तेव्हा असं काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळत होतं की या खोलीत गप्प बसलं तरी चालतं.

मग छावणी उघडली. नव्या वाचकाला सांगायला पाहिजे म्हणून सांगते, नाहीतर तुम्हाला काय सांगायचं. विहिरी आटल्या, कडबा संपला, तेव्हा आपल्या सोसायटीनं ओढ्याच्या काठच्या माळावर चारा छावणी घातली. पंचक्रोशीतली जनावरं तिथं आणून बांधायची. चारा, पेंड, टँकरचं पाणी सोसायटी देणार, आणि सरकार सोसायटीला दर जनावरामागं अनुदान देणार. घरटी एक माणूस जनावरापाशी राहायला. आमची एक गाय आणि एक कालवड होती. माझे वडील, दादा, छावणीत चारा वाटायच्या कामावर लागले, म्हणून मी, माय आणि दादा तिघंही तिथंच राहायला गेलो. निम्मी शाळाच छावणीत राहायला आली, म्हणून तुम्ही तुमचा वर्गही तिकडं हलवलात. हिरवी जाळी बांधून केलेल्या मांडवाखाली, संध्याकाळची वैरण पडली की.

आमची जनावरं शेवटच्या रांगेत होती. जयभीमवाल्यांची जनावरं शेवटी बांधायची असं काही कुणी सांगितलं नव्हतं. दादांनी आपण होऊनच गाय तिकडं नेली, आणि कुणी त्यांना "इकडं बांध की" म्हणालं नाही. आमची तीन घरं कोपऱ्यात, आणि आमच्या पुढं ओढ्यापर्यंत नुसते खुंटे. नवे, सारखे ठोकलेले, प्रत्येकाला नवं दावं. त्या खुंट्यांना कधी जनावर दिसलं नाही. मी रोज तिथं जाऊन बसायचे. मला ती जागा आवडायची, कारण तिथं माझ्याशी बोलायला कुणी येत नव्हतं, आणि नकोशीही वाटायची, कारण तिथं माझ्याशी बोलायला कुणी येत नव्हतं.

मी त्याचंच चित्र काढलं. वर डाव्या कोपऱ्यात आमची गाय, काजळीची. बाकी सगळ्या कागदभर करड्या राखेचा माळ आणि गेरूचे खुंटे, एकामागं एक, आणि प्रत्येकाला जमिनीवर पडलेलं मोकळं दावं. माणूस एकही नाही. मी स्वतः पण नाही. मला कसलीही चोरी उघडी पाडायची नव्हती, सर, मला चोरी आहे हेच माहीत नव्हतं. मला एकटं वाटायचं, आणि एकटं वाटणं कसं दिसतं असं कुणी विचारलं असतं तर मी ती जागा दाखवली असती. नियम होता म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही चित्राकडं नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत उभे राहिलात, हे मला चांगलं आठवतं. मला वाटलं, आवडलं.

जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार असं ठरलं आणि चेअरमन स्वतः मांडवात आले. "मास्तर, पोरांची चित्रं लावा की दोरीला. साहेबाला बरं वाटंल. छावणी कशी भरल्यावानी दिसली पायजे." तुम्ही "लावतो की साहेब, लावतो" म्हणून दोनदा वाकलात. चेअरमनला वाटलं असणार, पोरं काय काढणार, सूर्य आणि झाड आणि गाय. त्यांनी चित्रं बघितलीसुद्धा नाहीत.

तपासणीच्या दिवशी उजाडता उजाडता दोन ट्रक आले आणि शेवटच्या रांगेतले खुंटे भरून गेले. कुठल्या गावची गुरं कुणास ठाऊक, बावरलेली, एकमेकांना ढुशा मारणारी. माय म्हणाली, "आज पाहुणे आलेत आपल्या गाईला." दादा म्हणाले, "तू गप ऱ्हाय." छावणीत जे राहत होते त्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. कागदावर जनावरं जास्त, खुंट्याला कमी. पण त्यातूनच आपल्या जनावराच्या तोंडात वैरण पडतेय, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांना दोष देत नाही. तहानलेल्या माणसाला टँकर कुणाचा हे विचारायची चैन परवडत नाही.

मांडवात सतरंजी, हारतुरे, नारळ. दोरीला लाकडी चिमट्यांनी चित्रं लावलेली. माझं चित्र तुम्ही मधोमध लावलं होतंत, खुर्च्यांच्या बरोबर समोर. साहेब तसे मऊ होते. भाषण झाल्यावर चित्रं बघत हिंडले, आणि माझ्या चित्रापाशी थांबले. कौतुक करायला थांबले असतील. विचारलं, "हे कुणी काढलं?" तुम्ही मला खांद्याला धरून पुढं केलंत. साहेब खाली वाकले. "छान आहे. पण बाळ, ही जागा मोकळी का दाखवलीस?"

तुम्ही वर्षभर जे करत होता ना सर, काजळीचा डबा पुढं सरकवणं, पाठ करून बसणं, काही न विचारणं, ते सगळं त्या क्षणी कामी आलं. शब्द घशापर्यंत आला आणि अडकला नाही. एवढ्या माणसांसमोर, स्पष्ट, मोठ्यानं मी म्हणाले, "तिथं कुणीच नसतंय."

माझ्या आयुष्यात चारचौघांत बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. माय मागं बायकांत बसली होती. ती पुढं मला सांगायची की तिला आधी आनंदच झाला, पोरगी बोलली म्हणून, आणि मग तिचं लक्ष चेअरमनच्या तोंडाकडं गेलं.

आणि तुम्ही, सर. तुमचा हात माझ्या खांद्यावर होता तो घट्ट झाला. तुम्ही हसत हसत म्हणालात, "साहेब, मनावर घेऊ नका. पोरगी मंद आहे जरा. तिला काय कळतंय." आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीत, लाडानं मारतात तशी.

साहेबांनी ते मनावर घेतलंच. चालत शेवटच्या रांगेत गेले. गुरांकडं त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही, जमिनीकडं बघितलं. आमच्या गाईखालची जमीन शेणामुतानं काळी झाली होती, आणि शेजारच्या खुंट्यांखाली स्वच्छ मुरूम. "इथं रोज जनावर बांधता, मग शेण कुठाय?" साहेबांनी विचारलं. चेअरमननी कारकुनाकडं बघितलं. बोलायचं ते बोलून झालं होतं.

आठवड्याच्या आत छावणी बंद झाली. खोटी जनावरं गेली तशी खरीही गेली, कारण चारा खऱ्यांचाही बंद झाला. चेअरमनला काही झालं नाही. त्यांनी सगळं एका कारकुनावर ढकललं आणि पुढच्या निवडणुकीत परत निवडून आले. लोक जनावरं घेऊन दोन कोसांवरच्या दुसऱ्या छावणीकडं निघाले. दादाही गाय आणि कालवड घेऊन गेले. तिथं त्यांना फाटकातच अडवलं. आपल्याच गावचे लोक होते. "त्या येड्या पोरीच्या घरचं जनावर इथं नको. ही बी छावणी बंद पाडायची हाय का?" दादा हात जोडून म्हणाले, "पोरगं हाय, चुकलं. जनावरानं काय केलंय?" कुणी फाटक सोडलं नाही.

कालवड वाटेतच बसली. पुन्हा उठली नाही. गाय दादांनी बाजारात मिळेल त्या भावाला दिली. विकून आल्यावर ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, आणि मग बोलायला लागले तेव्हा मी बोलणं सोडलं होतं. घरीसुद्धा. मुकी होते, आता येडी झाले. वर्गात कुणी चुकलं की बाई म्हणायच्या, "सुजातासारखं करू नका." हे नाव मला गावानं दिलं नाही, सर, तुम्ही दिलंत. गावानं फक्त वापरलं.

तुम्ही मात्र वर्ग चालू ठेवलात. मला निरोप पाठवलात, ये म्हणून. मी आले नाही. मग एकदा घरी आलात. दारात उभे राहून दादांना म्हणालात, "मी तिला वाचवायला तसं बोललो. मंद म्हटलं की कुणी मनावर घेत न्हाई." दादांनी तुम्हाला पाट दिला, पाणी दिलं. आमच्या घरचं पाणी तुम्ही प्यालात, तेवढ्यानं दादांचे डोळे भरून आले. मी आतून बघत होते. माझ्या बापाला इतक्या स्वस्तात गप्प केल्याबद्दल मला तुमचा जितका राग आला तितका मंद म्हटल्याचाही आला नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला. ते चित्र दोरीला लावलंत तेव्हा ती रांग कशासाठी मोकळी होती हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत नसेल, तर तुम्ही एक भाबडे मास्तर, पोरीचं चित्र आवडलं म्हणून लावलं, आणि घाबरून भलतंच बोलून गेलात. ते मी माफ करू शकत होते. भिणं मला कळतं. पण माहीत असेल, तर मग तुम्ही मला पुढं केलंत आणि वर मंद ठरवलंत. या दोन्हींत माझं सगळं लहानपण अडकलं होतं.

मी मोठी झाले, भरती झाले, कंडक्टर झाले. पहिले सहा महिने मी बाथरूममध्ये उभी राहून "तिकीट, तिकीट" असं मोठ्यानं म्हणायचा सराव केला. ते मला तुम्ही शिकवलं नव्हतं. नंतर तुम्ही माझ्याच गाडीनं यायला लागलात. रिटायर झालात तरी बीडला काहीतरी काम काढायचा आणि पुढच्या सीटवर बसायचा. शेजारच्या माणसाला सांगायचा, "ही माझी विद्यार्थिनी." मी दर वेळी विचारायचे, "सर, माहीत होतं का?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "चित्र चांगलं होतं गं. राखेचा रंग काय बसला होता." कधी म्हणायचा, "इतकी वर्षं झाली, सोड की." कधी झोपल्याचं सोंग घ्यायचा. मग मी मुद्दाम तुमच्या कानाशी ओरडायचे, "चला, पुढं कोण राहिलंय?" तुम्ही दचकायचा आणि हसायचा. लोकांना वाटायचं किती प्रेम आहे गुरुशिष्येत. प्रेमही होतं म्हणा. नसतं तर मी एकदाच विचारून सोडून दिलं असतं.

बीडला शिक्षकांचं शिबिर होतं तेव्हा तुम्ही मला आग्रहानं बोलावलंत. मी युनिफॉर्मवरच आले. स्टेजवर तुम्ही कलोपचाराचं भाषण केलंत, आणि माझी गोष्ट सांगितलीत. काळा कागद, काजळीचा डबा, मोकळ्या जागेचं चित्र, साहेबांचा प्रश्न. "आणि ती मुलगी, जी कधीच बोलली नव्हती, ती बोलली!" टाळ्या. तुमचे डोळे पाणावले. गोष्ट तिथं संपली. टपली नव्हती, मंद नव्हतं, कालवड नव्हती. मग मला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिलात, आणि फोटोसाठी माझ्या खांद्यावर हात ठेवलात. त्याच खांद्यावर. मी तो पुष्पगुच्छ गाडीत मागच्या सीटवर टाकला आणि संध्याकाळच्या फेरीला कुणीतरी पोर तो घेऊन गेलं.

एवढं सगळं लिहूनसुद्धा हे लिहावंच लागेल की माझ्या मुलीला मी काजळी देते. ती पण गप्प आहे, माझ्यावर गेलीय. शाळेतून आली की भिंतीपाशी बसते आणि मी तिच्याकडं पाठ करून भाकरी थापते. काय काढलं म्हणून विचारत नाही. हे मला तुमच्याशिवाय कुणी शिकवलं असतं? तिच्या वयाची होते तेव्हा मला त्या खोलीत जो निवांतपणा मिळाला तो मला नंतर लग्नात, नोकरीत, कुठंच मिळाला नाही. तुम्ही वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं, सर. तुम्ही वाईट नव्हता. हे तुमच्यावर उपकार म्हणून लिहीत नाहीये, माझी त्यामुळं जी पंचाईत झाली ती सांगतेय.

शेवटची भेट. दवाखान्यात मास्तरीणकाकू म्हणाल्या, "तू बस जरा, मी डबा घेऊन येते." तुम्ही फार वाळला होता. नखांत अजून गेरू होता, की मला तसं वाटलं. मी खुर्ची ओढली आणि तोच प्रश्न विचारला. मरणाऱ्या माणसाला असं विचारू नये, मला कळतं. पण तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारणार होते?

तुम्ही छताकडं नजर वळवलीत. मग म्हणालात, "माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं की गं."

"मग माझंच चित्र कावून लावलं?" माझ्या तोंडून घरचीच भाषा आली.

"दुसऱ्या कुनाचं लावलं असतं तर त्याचा बाप…" एवढं बोलून तुम्ही थांबलात. थांबलात तरी मला कळलं. पाटलांच्या पोराचं चित्र लावलं असतंत तर पाटील काठी घेऊन तुमच्या दारात आले असते. माझा बाप येणार नव्हता. माझा बाप तुम्हाला पाट देणार होता, पाणी देणार होता. आणि तसंच झालं.

तुम्हाला चेअरमनची चोरी सहन होत नव्हती, हे मी मानते. छावणीत तसं वाटणारे तुम्ही एकटेच असाल. स्वतः बोलायची छाती नव्हती, म्हणून पोरीचं चित्र लावलंत. तेवढंही मी गिळलं असतं. पण तुम्ही पुढं बोललात. हळू, दम खात, जसं काही माझी समजूत काढताय. "साहेब नुसते बघतील असं वाटलं. मी गप ऱ्हाईन, तू गप ऱ्हाशील, चित्राला कोन जाब विचारतंय? तू बोलशील असं मला वाटलंच न्हवतं, सुजाता."

सर, वर्षभर तुम्ही रोज संध्याकाळी माझ्यासमोर काजळीचा डबा ठेवलात. मला वाटायचं, या जगात एक माणूस आहे ज्याला वाटतं की ही पोरगी एक दिवस बोलेल. म्हणून तर मी बोलले. साहेबांसाठी नाही, खरं सांगायला नाही, तुम्ही शेजारी होता म्हणून. आणि तुमचा सगळा हिशोब मी बोलणार नाही यावर उभा होता. मुकी पोरगी म्हणून निवडलंत. बोलले तेव्हा मंद म्हणून मोडीत काढलंत. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझं एक माणूस तरी होतं, मग ते घाबरलं. ते माझं नव्हतंच कधी, हे मला तुमच्या खाटेशेजारी बसून कळलं.

मग तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "आता हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे. मी गेल्यावर लोक काय काय बोलतील. तू एवढं कर माझ्यासाठी." तुमचं पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं. काकूंच्या चपला जिन्यात वाजल्या. तुम्ही निवांत डोळे मिटलेत, मी हो म्हणाले असं समजून.

मी हो म्हणाले नव्हते, सर.